बेसादच्या ढालीवरची घंटा

झेली केरेल बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवायची ती उभ्यानं, चुलीपाशी, वाडगा हातात धरून. माझ्या दुकानात यायची तीही एक पाय आत, एक पाय बाहेर. मी कॉफी पुढे केली की म्हणायची, "ठेव, आलेच मी," आणि निघून जायची. कॉफी गार व्हायची. मी चिडायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा करायचे. भरतकामसुद्धा तिचं उभ्यानंच चालायचं, खिडकीच्या कट्ट्याला लाकडी चौकट टेकवून. आणि तरी सांगते, आमच्या डोंगरात तिच्यासारखी सुई दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती. पाद्रीबाबांचे सणाचे झगे असोत की लग्नाच्या मुलींच्या चादरी, सगळं झेलीमावशीच्या हातचं.

वारा सुटला की मग विचारायलाच नको. उत्तरेचा वारा दारं खडखडवायला लागला की ती हातातलं काम टाकायची, लाकडी बूट चढवायची आणि घळीच्या वाटेनं चालू लागायची. पलीकडच्या काठावर मालब्रूस गावाचा दगडी क्रूस दिसतो, तिथवर जायची, बघायची, परत यायची. तास गेला की पुन्हा. उन्हाळा असो, हिवाळा असो. तिला कुणी विचारत नसे. नवरा गेलेली बाई, दुःख विसरत नाही बिचारी, असं म्हणून आम्ही आपापल्या कामाला लागायचो.

आता घंटेचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बेसादला चर्च नाही, ते खाली खोऱ्यात. आमच्याकडे आहे ती नुसती घंटा. सार्वजनिक पावभट्टीशेजारी ग्रॅनाइटचे दोन खांब, मधे घंटा, खाली लोंबणारी दोरी. ही घंटा प्रार्थनेची नव्हे. हिवाळ्यात बर्फाचं वादळ उठलं, स्वतःचा हात स्वतःला दिसेनासा झाला, की जो कुणी बाहेर अडकला असेल त्याच्यासाठी ती वाजवायची. डोळे कामाचे नसतात तेव्हा माणूस कानानं गाव शोधतो. मालब्रूसकडेही अशीच घंटा आहे. आणि दोन्ही गावांच्या मधे घळ. बर्फ पडलं की तिचा काठ सपाट होतो, पाऊल पडेपर्यंत कळत नाही की खाली काही नाही.

म्हणून आमच्या आज्या-पणज्यांच्या आधीपासूनचा नियम होता: एका वादळात एकच घंटा. ज्या गावाची आधी सुरू झाली त्यानं ती वाजवत राहायची, दुसऱ्यानं दोरीला हात लावायचा नाही. मग बाहेरचा माणूस आपल्या गावचा असो की त्यांच्या. दोन घंटा ऐकू आल्या की माणूस घोटाळतो, या बाजूला चार पावलं, त्या बाजूला चार पावलं, आणि मधे घळ वाट बघत असते. या बाबतीत दोन्ही गावांचं एकमत होतं. बाकी कशात नव्हतं.

दोरी पुएश घराण्याकडे असे. झेलीमावशीचं लग्न झालं त्या वर्षी ती एल्वा पुएशकडे नुकतीच आली होती. एल्वा तिशीचा, खांदे बैलासारखे, स्वभावानं मुखदुर्बळ.

त्या हिवाळ्यात मावशीचा नवरा फिर्मां खिंडीपलीकडे मेंढ्यांसाठी मीठ आणायला गेला होता. दुपारनंतर वादळ उठलं. मालब्रूसचा एक मेंढपाळ बाहेर राहिला होता, त्यामुळे त्यांची घंटा आधी सुरू झाली. झेलीमावशी धावत खांबांपाशी आली. एल्वा दोरीपुढे उभा. म्हणाला, "त्यांची वाजतेय. फिर्मां ती ऐकेल, तिकडे जाईल, तिथं झोपेल आणि उद्या घरी येईल." मावशी तेव्हा चोविशीतली, लग्नाला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. ती त्याच्या हाताला चावली. दोरी तिच्या हातात आली आणि तिनं घंटा वाजवायला सुरुवात केली. तळहात सोलून निघाले तेव्हा दुसऱ्या बायांनी दोरी घेतली. त्यांत माझी आईही होती. मग पुरुष आले. अख्ख्या गावानं त्या दिवशी घंटा वाजवली.

वादळ निवळल्यावर फिर्मां घळीत सापडला.

आमच्याकडे गोष्ट इथंच संपते. रक्ताळलेल्या हातांनी नवऱ्यासाठी घंटा वाजवणारी बायको, आणि तिला दोरी न देणारा दगडाच्या काळजाचा एल्वा. शाळेत बाई हेच सांगायच्या, घरी आई हेच सांगायची, आणि ऐकताना आम्हां पोरींच्या डोळ्यांत पाणी यायचं.

मिठाच्या पिशवीचं मात्र कुणी सांगायचं नाही. ती पिशवी मालब्रूसच्या क्रूसाला बांधलेली सापडली, त्यांच्या पहिल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. बर्फाखाली जाऊ नये म्हणून क्रूसाच्या आडव्या हाताला नीट गाठ मारून. म्हणजे फिर्मां पोचला होता. चार पावलं टाकली असती तर कुणाच्या तरी चुलीपाशी बसला असता. पण तेवढ्यात त्याला आपल्या गावची घंटा ऐकू आली. पिशवी उद्या नेऊ म्हणून त्यानं खांदा हलका केला, आणि वळला.

मालब्रूसच्या दोन माणसांनी बंद कापून, गाठ न सोडता, ती पिशवी मावशीच्या दारात आणून ठेवली आणि कुठं सापडली ते तिला सांगितलं. तिला त्याच दिवशी सगळं कळलं. गावातल्या मोठ्यांनाही कळलं असणार. पण त्या दोरीला कुणाचा हात लागला नव्हता? एकट्या एल्वाचा. मग गावानं सोपं होतं ते केलं. रडणाऱ्या बाईला दोरी दिली नाही, एवढं धरून ठेवलं, बाकीचं सोडून दिलं. आमच्याकडे डिसेंबरात डुक्कर कापलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना ताट जातं: रक्ताचं सॉसेज, थोडी चरबी, एक बरगडी. ज्या घरी ताट जात नाही ते घर गावात धरत नाहीत. एल्वाच्या घरी त्या वर्षापासून कुणी ताट पाठवलं नाही. त्याला मुलगी कोण देणार? पावभट्टीसमोरच्या घरात एकटा राहिला, मेंढ्या राखल्या, म्हातारा झाला.

अशी सगळी स्थिती असताना मेयर बोनालच्या डोक्यात मानचिन्हाचं, म्हणजे गावाची ओळख सांगणाऱ्या ढालीचं, खूळ शिरलं.

बोनाल ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मनाचा चांगला, आवाज मोठा, आणि मालब्रूसकडे जे आहे ते आपल्याकडे नाही म्हटलं की त्याला जेवण जात नाही. आणि मालब्रूसनं त्या वसंतात ढाल मिळवली होती. हिरव्यावर पांढरा मेंढा, गावाच्या वेशीवर, पंचायतीच्या कागदांवर, एवढंच काय, कचऱ्याच्या गाडीवरही. बोनालनं लगेच जिल्ह्याच्या गावाहून रुव्हिएरसाहेबांना बोलावलं. मानचिन्हांतले जाणकार, निवृत्त, गळ्यात बो, हातात कातडी बॅग. मी पंचायतीत होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोर झालं.

"ढाल म्हणजे चित्र नव्हे," साहेब म्हणाले. "ती शब्दांत वाचून दाखवता आली पाहिजे. कुणी न पाहता, नुसतं ऐकून, तीच ढाल पुन्हा काढू शकला पाहिजे."

"वाचू की," बोनाल म्हणाला. "पण ढालीवर घालायचं काय?"

"तसं पाहिलं तर तुमची एक ढाल आहेच." साहेबांनी बॅगेतून कागद काढला. "राजाच्या काळात मानचिन्हांवर कर बसवला होता. ज्या गावांनी काही कळवलं नाही त्यांना कारकुनांनी आपल्या मनानं चिन्हं वाटून टाकली आणि पैसे वसूल केले. तुमच्या वाट्याला पिवळ्यावर आडवा हिरवा पट्टा आला."

"नुसता पट्टा?"

"आसपासच्या अनेक गावांना तसाच आला. रंग बदलून."

"साहेब, मेंढ्यासमोर पट्टा घेऊन उभा राहिलो तर मालब्रूसवाले मला जगू देतील का?" बोनाल म्हणाला, आणि तिथल्या तिथं पट्टा निकालात निघाला.

मग त्यानं घंटेची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, हे मला कबूल करायला हवं. साहेबांनी चष्मा पुसला. निळी जमीन, म्हणजे ढालीचा मागचा रंग, तळाशी हिरवी टेकडी, वर दोन चांदीच्या चांदण्या बर्फासाठी, मधोमध चांदीची घंटा. हात वर झाले, माझाही झाला. ठरलं असं की ऑगस्टच्या जत्रेत, शहरात गेलेली पोरं घरी आलेली असताना, भरतकाम केलेला ध्वज उभारायचा. गावानं टाळ्या वाजवल्या की तेच चिन्ह पक्कं. आणि मग वेशीवर ग्रॅनाइटची पाटी बसवायची, ढाल कोरून, खाली अर्थ कोरून. अर्थ बोनालनं स्वतः लिहिला होता.

ध्वज कोण भरणार, हा प्रश्नच नव्हता. निळं रेशीम काखेत मारून बोनाल मला घेऊन झेलीमावशीकडे गेला. ती दारातच भेटली, बाहेर निघालेली.

"मावशी, गाव तुमचा मान करतंय," बोनाल म्हणाला.

"कशाबद्दल?"

"घंटेबद्दल. ढालीवर घंटा येतेय."

मावशी परत घरात गेली, चुलीवरचं झाकण उघडलं, लावलं, खिडकी उघडली, लावली. "घंटा नका घालू," ती म्हणाली. "मेंढा घाला."

"मेंढा मालब्रूसनं घेतला."

"मग बटाटा घाला. जन्मभर त्यानंच पोसलंय आपल्याला."

बोनाल पोट धरून हसला. मला हसू आलं नाही, कारण मी तिचे हात बघत होते. ती एप्रनचं टोक गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

"ऐका तरी," म्हणून त्यानं खिशातून कागद काढला आणि भाषणाच्या आवाजात वाचला: "ही घंटा त्या पत्नीची आहे, जिनं, घंटा वाजवणाऱ्यानं निष्ठुरपणे नकार दिला तेव्हा, रक्तबंबाळ हातांनी ती स्वतः वाजवली."

मावशी थांबली. एवढी हलणारी बाई थांबली की खोलीत काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं.

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं.

"हे एल्वाला दाखवलंस?"

"त्याला काय दाखवायचं? नाव थोडंच घातलंय?"

"घंटा वाजवणारा कोण, हे इथं कोंबड्यांनासुद्धा माहीत आहे."

"मग त्यात खोटं काय आहे?" बोनाल म्हणाला. तो खरोखरच विचारत होता.

"दगडात कोरणार हे?"

"ग्रॅनाइटमध्ये. आपण सगळे जाऊ, पाटी राहील."

मावशीनं त्याच्या काखेतून रेशीम ओढून घेतलं. "भरते मी," ती म्हणाली. बोनालनं खुशीत तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाला, "बघ, लाजत होती." मी म्हटलं, "तुझ्या ट्रॅक्टरला जेवढं कळतं तेवढं तुला कळलं असतं तर बरं झालं असतं." पण नेमकं काय कळायला हवं होतं ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पिशवी क्रूसाला बांधलेली होती हे मी आईकडून एकदा ओझरतं ऐकलं होतं. तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता.

त्यानंतर त्या बाईनं मला वेड लावायचंच बाकी ठेवलं. सकाळी धागा न्यायला यायची, दुपारी तोच परत करायची. चांदण्या झाल्या, टेकडी झाली. घंटेची कड झाली. मग घंटा उसवली. पुन्हा भरली, पुन्हा उसवली. माझ्या दुकानाच्या खिडकीतून पावभट्टी दिसते आणि समोर एल्वाचं फाटक. मावशी त्या फाटकापाशी जायची, कडीला हात लावायची, आणि मागे फिरायची. एल्वा आत अंगणातल्या पाण्याच्या कुंडाच्या कठड्यावर बसून काठी तासत असायचा. मान वर करायचा, तोवर ही पाठमोरी झालेली. मग डिसेंबरांतलं एक दृश्य मला आठवलं: मावशी झाकलेलं ताट घेऊन त्याच फाटकाकडे चाललेली आणि तसंच झाकलेलं ताट घेऊन परत येणारी. एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. लहानपणी मला वाटायचं, ती कुणाच्या घरी जायचं ते विसरते.

जुलैत एका दुपारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि सरळ तिच्या घरात शिरले.

"मावशी, बोलायचं असेल तर बोल. नसेल बोलायचं तर नको बोलूस. पण या येरझाऱ्या थांबव, माझ्या जिवाला शांती नाही उरली."

"तुझ्या जिवाला," ती म्हणाली. चौकट खिडकीशी होती. निळ्यावर घंटेची जागा सुयांच्या टोचण्यांनी झिजून विरळ झाली होती.

"काय झालंय एवढं?"

तिनं सांगितलं, आणि खोलीभर फिरत सांगितलं. पिशवीची गाठ कशी होती ते. फिर्मां नेहमी मारायचा तशीच, दुहेरी. त्या गाठीवरून तिला कळलं की त्यानं घाई केली नव्हती, तो घाबरला नव्हता. वादळातून सुखरूप पोचलेल्या माणसाची गाठ होती ती. "मी नसती वाजवली तर तो जगला असता, जोसेत," ती म्हणाली. "एल्वा बरोबर सांगत होता. शब्द न् शब्द बरोबर."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? फिर्मांला मी मारलं असं बोलू? लोक म्हणत होते, एल्वा दगड आहे. मी मनात म्हटलं, म्हणू देत, एक हिवाळा म्हणतील आणि विसरतील. मग दुसरा हिवाळा आला. मग म्हणायची सवयच लागली त्यांना."

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, तिच्या दुःखाआधी मला रागच आला. एका माणसाचं आयुष्य फाटकाच्या आत संपत आलं होतं आणि ही कडीला हात लावून परत येत होती. आणि मग माझी आई आठवली, तिच्या हातांवरचे दोरीचे वण ती किती अभिमानानं दाखवायची ते आठवलं, आणि रागाला धरायला जागा उरली नाही.

"बोनालला सांग," मी म्हटलं. "आज सांग. पाटी थांबेल."

"बोनाल म्हणेल, मावशींचं वय झालं. माझा हात हातात घेईल आणि म्हणेल, स्वतःला दोष देऊ नका." तिनं त्याचा आवाज इतका हुबेहूब काढला की मला नाही म्हणता येईना. "सगळं गाव तेच म्हणेल. त्यांना ती गोष्ट हवीय. माझ्या तोंडापेक्षा त्यांना माझी सुई खरी वाटते."

त्या दिवसानंतर तिनं धागा बदलून नेला नाही. तेवढ्यावरून मला वाटलं, मन मारून भरून टाकलं असेल तिनं. मी बोनालशी एकदा बोलून पाहिलं. तो ट्रॅक्टरखाली होता. "वय झालं ग तिचं," तो खालूनच म्हणाला.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून वारा होता. टेबलांवरचे कागद उडत होते, पोरं त्यांच्यामागे धावत होती. मेंढा भाजला जात होता आणि धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता. शहरातून आलेली मंडळी चांगल्या कपड्यांत, मालब्रूसहून पाहुणे आलेले, रुव्हिएरसाहेब नवा बो लावून. एल्वा नेहमीप्रमाणे आपल्या फाटकाच्या आत, कुंडाच्या कठड्यावर. आला नव्हता असंही नाही आणि आला होता असंही नाही. जत्रा त्याच्या दारासमोरच भरते, त्यानं जावं तरी कुठं? मी मात्र सकाळपासून एकही काम धड करत नव्हते. दोन बाटल्या फोडल्या.

बोनालनं भाषण केलं. बायको, घंटा, रक्ताळलेले हात, निष्ठुर नकार, सगळं. शेजारी झेलीमावशी काळ्या पोशाखात उभी होती आणि तिची टाच जमिनीवर सारखी आपटत होती. मग त्यानं दोरी ओढली, वरचं कापड सुटलं आणि वाऱ्यानं ध्वज ताणून धरला.

टाळ्या जोरात सुरू झाल्या. सुंदरच होता तो. चांदीचा धागा उन्हात नजर ठरू देत नव्हता. मग पुढच्या रांगेतल्या टाळ्या थांबल्या, मग मागच्या. घंटेच्या पोटात काही नव्हतं. कड होती, दांडी होती, उघडं तोंड होतं, आणि लोलकाच्या जागी नुसतं निळं रेशीम.

रुव्हिएरसाहेबांनी चष्मा लावला आणि सवयीनं मोठ्यानं वाचलं, "निळ्या जमिनीवर चांदीची घंटा, वर दोन चांदण्या, तळाशी हिरवी टेकडी." ते अडखळले. "लोलक नाही."

"राहिला असेल," बोनाल हसत म्हणाला. "काही हरकत नाही, मावशी, संध्याकाळपर्यंत होईल ना?"

"राहिला नाही," झेलीमावशी म्हणाली. "काढलाय."

"काढलाय म्हणजे?"

"त्या दिवशी ही घंटा वाजायला नको होती. मालब्रूसची आधी वाजत होती. फिर्मां त्यांच्या क्रूसापाशी पोचला होता, पिशवी तिथं बांधलेली होती. आपली ऐकली म्हणून तो परत फिरला." तिचा आवाज चढला नाही, पण वाऱ्यातही सगळ्यांना ऐकू गेला. "एल्वानं मला हे सांगितलं होतं. दोरीपुढे उभं राहून सांगितलं होतं. मी त्याच्या हाताला चावले आणि वाजवली. मग तुमच्या आयांनी वाजवली, बापांनी वाजवली. आणि ताट बंद केलं ते त्याचं."

मालब्रूसच्या पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली, आणि ते पाहून आमच्यातल्या ज्यांना अजून शंका होती त्यांची गेली. माझ्या शेजारी उभी असलेली बाई आपल्या तळहाताकडे बघत होती. ती त्या वादळाच्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती.

बोनालचा चेहरा पडला होता. हातातला कागद वाऱ्यानं फडफडत होता, तो त्यानं खिशात कोंबला. मग रुव्हिएरसाहेबांकडे वळला. "अशी चालते का?"

"चालते," साहेब हळू म्हणाले. "फक्त तसं स्पष्ट सांगावं लागतं."

"मग तसं सांगा," बोनाल म्हणाला. या एका वाक्यासाठी पुढच्या निवडणुकीत मी त्याला मत दिलं. "आणि मावशी, पाटीवर काय लिहू?"

"लिही की घंटा वाजवणारा बरोबर होता."

सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. एल्वा उठला होता. पण तो आमच्याकडे येत नव्हता, काठी टेकत घराकडे निघाला होता. आता कुणीतरी जायला हवं होतं आणि कुणाचाच पाय उचलत नव्हता. झेलीमावशी गेली. फाटकाची कडी तिनं काढली आणि ती आत गेली. मी ताट भरलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना, आणि तिच्यामागे गेले. म्हणून पुढचं मी ऐकलं.

"हे कशाला केलंस?" एल्वा पाठमोराच म्हणाला.

"तुझं बरोबर होतं म्हणून."

"माझं कुठलं बरोबर?" तो वळला. गावात त्याला इतकं बोलताना कुणी ऐकलं नसेल. "बरोबर असतं तर दोरी सोडली असती का मी? बाप मला हेच सांगून मेला होता, की कुणी काहीही म्हणो, दोरी सोडायची नाही. मी तुझ्या दुप्पट होतो. तुझ्या चावण्यानं माझ्या हातातली दोरी सुटेल, असं वाटलं तुला?"

"मग कशी सुटली?"

"मीच बाजूला झालो. लोकांनी ताट बंद केलं तेव्हा मला वाटलं, त्यांना ते कळलंय. फिर्मां माझ्यामुळं गेला हे कळलंय. म्हटलं, बरोबर करताहेत."

मावशीनं विचारलं, "का झालास बाजूला?"

एल्वानं तिच्याकडे पाहिलं, जणू याचं उत्तर तिला ठाऊक नसेल हे त्याला खरंच वाटत नव्हतं.

"तू रडत होतीस," तो म्हणाला.